झालं म्हणून लिहा

रोज सकाळी चहाचा कप बाजूला ठेवून संपादक लाल पेनाने दुसऱ्यांनी छापलेलं वर्तमानपत्र तपासायचे. स्थानिक बातम्यांचं पान उघडायचं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणायचा आणि सुरू. 'नवा पूल' कुठला, पूल जुनाच आहे, कठडे तेवढे नवे. 'प्रचंड गर्दी' म्हणे. अर्ध्या खुर्च्या रिकाम्या होत्या, मागच्या रांगेत ते स्वतः बसले होते. या दुरुस्त्या कुणाला दाखवायच्या नसत. पान लालेलाल झालं की ते बायकोकडे जायचं. ती घरी शाळेचे गणवेश शिवायची आणि कॉलरचा आकार कापायला तिला कागद लागायचा.

"जगाच्या चुका काढता, चहा मात्र रोज गार करून पिता," ती म्हणायची.

'संपादक' हे त्यांना लोकांनी दिलेलं नाव, अर्धं मानाचं आणि अर्धं चेष्टेचं. एके काळी त्यांचं स्वतःचं साप्ताहिक होतं, चार पानांचं. पाण्याच्या टाकीत मेलेलं कुत्रं सापडल्याची बातमी त्यांनी छापली तेव्हा लोक घरी येऊन हात हातात घेऊन गेले, आणि त्यानंतर उरल्यासुरल्या जाहिरातीही गेल्या. साप्ताहिक बंद पडलं. घर बायकोच्या मशीनवर चालू राहिलं. मग एक दिवस आमदारसाहेबांनी बोलावणं धाडलं.

साहेब मनाने वाईट नव्हते, हे संपादक शेवटपर्यंत सांगत. शाळेच्या कार्यक्रमाला गेले तर खुर्च्या उचलायला लागत, कुणाच्या घरी मयत झाली तर खांदा द्यायला हजर, आणि मतदारसंघातल्या निम्म्या म्हाताऱ्यांची दुखणी त्यांना तोंडपाठ. त्यांना हवं होतं एक मासिक वार्तापत्र, घरोघरी फुकट जाणारं. त्यात साहेबांचे कार्यक्रम, दवाखान्याच्या वेळा, बंद रस्ते, गुणवंत मुलांचे फोटो. हे सगळं नीट भाषेत लिहायला माणूस हवा होता.

"तुमच्यासारखा खरं लिहिणारा माणूस हवा," साहेब म्हणाले. संपादकांनी ही गोष्ट घरी येऊन दोनदा सांगितली.

अंक महिन्याच्या सुरुवातीला वाटला जायचा, पण छापखान्याला मजकूर खूप आधी लागायचा. पहिल्या अंकात त्यांनी लिहिलं, 'रक्तदान शिबिर होणार आहे.' साहेबांनी वाचलं आणि हसले.

"अहो संपादक, लोकांच्या हातात अंक पडेल तेव्हा शिबिर होऊन गेलेलं असेल ना? मग झालं म्हणून लिहा. होणार-बिणार ऐकून लोकांचे कान किटलेत."

युक्तिवाद बिनतोड होता. तेव्हापासून त्यांच्या हातून भूतकाळ आपोआप उतरू लागला. शिबिर झालं, झाडं लावली, गटार साफ केलं, नागरिकांनी समाधान व्यक्त केलं. एकदा वक्ताच आजारी पडल्यामुळे व्याख्यान रद्द झालं, पण अंकात ते 'रंगलं' होतं. त्यानंतर तीन जणांनी कार्यालयात फोन करून व्याख्यान आवडल्याचं कळवलं. हा किस्सा सांगताना संपादक डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायचे. बायको मात्र हसायची नाही.

"तुमचा अंक वाचला की वाटतं आपण चुकीच्या गावात राहतो," ती म्हणायची. "त्या अंकातल्या गावात खोली मिळते का बघा."

पण छापायच्या आधी प्रत्येक ओळ तीच वाचायची. मशीनवरून उठून, बोटाला लागलेला दोरा तसाच ठेवून, कागद दिव्याखाली धरून वाचायची आणि बरोबर चुकीवर बोट ठेवायची.

एका वर्षी तिचं बोट चुकीवर पडेनासं झालं. ओळींची डावी टोकं तिला दिसत नव्हती. मोठ्या शहरातल्या डॉक्टरांनी तपासून काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली वाचवायची तर शस्त्रक्रिया लवकर करा, म्हणाले. पुढच्या महिन्याची तारीखही दिली. तिथे राहायचं म्हणजे आठ-पंधरा दिवस मोडणार होते, पुन्हा तपासणीच्या खेपा वेगळ्या, आणि हंगाम गणवेशांचा. तरी ती जायला तयार होती. पिशवीसुद्धा भरली होती.

त्याच आठवड्यात साहेबांनी संपादकांना आत बोलावलं. गावातल्या सरकारी दवाखान्यात नेत्रविभाग मंजूर झाला होता. यंत्र वाटेत होतं, डॉक्टर नेमलेला होता.

"पहिल्या पानावर घ्या," साहेब म्हणाले. "आणि वहिनींना आता शहरात कशाला नेता? आपल्याच दवाखान्यात पहिला नंबर त्यांचा. माझा शब्द."

संपादक घरी आले ते पोरासारखे. इतकी वर्षं ते लोकांच्या दारात सुखं छापून टाकत आले होते. एकदा तरी आपण छापलेलं आपल्या उंबऱ्याच्या आत यावं, असं त्यांना फार वाटलं. त्यांनी मथळा लिहिला: 'नेत्रविभाग सुरू झाला.' बायकोने कागद उजवीकडे तिरपा धरून वाचला.

"झाला की व्हायचाय?"

"या वेळी खरं आहे गं. यंत्र निघालंय तिकडून."

"अंकात आहे म्हणून मी थांबणार नाही हां. तुम्ही म्हणताय म्हणून थांबते."

"मी म्हणतोय ना."

तिने पिशवी रिकामी केली. शहरातली तारीख दुसऱ्या कुणाला तरी मिळाली असेल.

यंत्र खरंच आलं. संपादक स्वतः बघून आले. नव्याने रंगवलेल्या खोलीच्या काचेतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं यंत्र दिसत होतं, आणि दाराला कुलूप. उद्घाटनाला मंत्री हवे होते, आणि मंत्र्यांची तारीख मिळत नव्हती. एक तारीख मिळाली ती अधिवेशनात गेली, दुसरी मंत्र्यांच्या भाच्याच्या लग्नात.

ते साहेबांच्या पीएकडे गेले. "उद्घाटन होईल तेव्हा होऊ द्या. तोवर तपासण्या तरी सुरू करा."

"आणि मग मंत्र्यांच्या हस्ते काय उघडायचं? वापरलेलं यंत्र?" पीए म्हणाला. "संपादक, तुम्हीच तर छापलंय सुरू झालं म्हणून. लोकांची तक्रार नाही, तुमचीच कशी?"

साहेब भेटले तेव्हा त्यांनी खांद्यावर हात ठेवला. "पुढचा आठवडा धरून चाला." संपादकांनी पुढचा आठवडा धरला. मग त्याच्या पुढचा. घरी विचारलं की सांगायचे, यंत्राची जोडणी चालू आहे. शहरात पुन्हा तारीख मागायला हवी, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण ती मागायची म्हणजे मथळा खोटा होता हे बायकोसमोर म्हणावं लागणार होतं, आणि तेवढं एक वाक्य त्या लिहित्या माणसाच्या तोंडून निघेना.

ती डोळ्यांत थेंब घालत राहिली. अर्धवट उघड्या दारावर आपटू लागली. एका शाळेने गणवेशांचा गठ्ठा परत पाठवला, खिसे वाकडे लागले होते म्हणून. तिने ते खिसे उसवले आणि पुन्हा लावले. पुन्हा वाकडे लागले. त्या संध्याकाळी तिने मशीनवर कापड झाकलं आणि भांडीसुद्धा न घासता भिंतीकडे तोंड करून निजली.

पाचव्या महिन्यात मंत्र्यांनी शुभेच्छांचा निरोप पाठवला आणि फीत साहेबांनीच कापली. शब्द पाळला त्यांनी. पहिला नंबर तिचाच लावला. फोटोवाल्याने तिला यंत्राच्या खुर्चीत बसवलं, हनुवटी टेकवायला सांगितलं, साहेब बाजूला वाकून उभे राहिले.

"वहिनी, इकडे बघा," फोटोवाला म्हणाला.

"कुणीकडे?" तिने विचारलं.

गर्दी पांगल्यावर तरुण डॉक्टरने शांतपणे तपासलं. डावा डोळा गेला होता. उजव्याला नळीतून पाहिल्यासारखं थोडंसं दिसत होतं. "आधी का नाही आलात?"

"तुमचं दार उघडायची वाट बघत होते."

डॉक्टरने संपादकांकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

फोटोखालची ओळ त्यांनाच लिहायची होती. ती त्यांनी लिहिली: 'नेत्रविभागाच्या पहिल्या लाभार्थी.' अंक आल्यावर तिने वाचून दाखवायला सांगितलं. त्यांनी वाचलं.

"लाभार्थी म्हणजे मी?"

"हो."

"बरं लिहिलंय," ती म्हणाली. पुढच्या महिन्यापासून तिने अंक मागितला नाही.

त्यानंतर त्यांनी नोकरी सोडली असती तर गोष्ट ऐकायला बरी वाटली असती. त्यांनी सोडली नाही. मशीन बंद पडल्यावर घर त्यांच्याच पगारावर होतं. ते लिहीत राहिले, सगळं झालं म्हणून. सकाळचं लाल पेन तेवढं कुठेतरी गेलं, त्यांनी शोधलं नाही. वर्तमानपत्र कोरंच्या कोरं रद्दीत जाऊ लागलं. त्या दोघांत भांडण झालं नाही. भांडायला निदान एकाने तरी विषय काढावा लागतो. तिने शेजारच्या शिंप्याकडून शर्टांना बटणं लावायचं काम घेतलं. ते स्पर्शाने जमायचं. संपादक तिच्या मागे-पुढे करत, पाणी हातात देत, आणि ती "असू दे" म्हणे. ते "असू दे" त्यांना मारापेक्षा जास्त लागायचं.

तिसऱ्या वर्षी कार्यालयातल्या टेबलावरच ते गेले, मजकूर लिहिता लिहिता. पुढच्या अंकात काळ्या चौकटीत त्यांचा फोटो आला. मजकूर पीएने लिहिला होता: 'अखेरच्या श्वासापर्यंत सत्याची कास धरणारा निर्भीड पत्रकार.' शेजारणीने तो वाचून दाखवला आणि पदर डोळ्यांना लावला. बायकोने अंकाची घडी घालायला सांगितली. साहेब स्वतः येऊन बसून गेले, खूप हळहळले. जाताना दारात त्यांनी विचारलं, संपादक शेवटचं काही बोलले का?

"नाही," ती म्हणाली.

बोलले होते. पण ते साहेबांना सांगण्यासारखं नव्हतं. त्या सकाळी चपला घालता घालता, तिच्याकडे न बघता ते म्हणाले होते, "सुया ओवून ठेवल्यात. पांढऱ्या उजव्या हाताला, निळ्या त्याच्या मागे. संपल्या तर थांब, मी आल्यावर ओवून देतो."