नकाशावरचा दोरा

दादा लंडनला गेला त्या वर्षी मी माहेरी, धारला गेले होते. आईला अक्षरओळख नव्हती आणि मी चौथीपर्यंत शिकलेली, म्हणून नकाशा मीच उघडला. पुस्तक शेजारच्या मुलीचं, शाळेतलं. दादाने पत्रात लिहिलं होतं, विमान मुंबईहून हवेतून जवळजवळ सरळ जातं, रस्त्यासारखी वळणं नाहीत. मी शिवणाचा दोरा मुंबईवर धरला आणि लंडनपर्यंत ताणला. वीतभरही भरला नाही.

"एवढंच?" आई म्हणाली. "मग माझ्या वेळेला पोचेल ना गं तो?"

"असं काय बोलतेस? आणि मी?"

"तू काय, देवासला. दारातच आहेस."

त्या नकाशावर धार नव्हतं, देवासही नव्हतं. आईने दोरा कुंकवाच्या करंड्यात ठेवून दिला.

सात-आठ वर्षांनी एका गुरुवारी देवासला बाबांचं कार्ड आलं. आईचा ताप उतरत नाही, दादाला तार केली आहे, तू सवडीने येऊन जा. तार केली म्हणजे काय, हे मला तेव्हाच समजायला हवं होतं. समजलंही होतं बहुतेक.

कार्ड घेऊन मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहिले. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. रविवारी नणंदेला बघायला उज्जैनचे पाहुणे यायचे होते.

"आईला बरं नाही," मी म्हणाले.

"मग सोमवारी जा की. धार काय विलायत आहे? रविवारी पोहे काय मी करू, या गुडघ्यांनी?"

संध्याकाळी हे कारखान्यातून आले. कार्ड वाचून म्हणाले, "जायचंय का उद्या?"

सासूबाई आतच होत्या. "सोमवारी जाते," मी म्हणाले.

रविवारी पोहे चांगले झाले. पाहुण्यांनी दोनदा मागून घेतले.

सोमवारी इंदूरला बस बदलली. कंडक्टर "चलो भिया, धार, धार" ओरडत होता, पण बस भरेपर्यंत हलली नाही. घरी पोचायला दुपार झाली. ओसरीवर दादा बसला होता, डोक्याचा गोटा केलेला. आत कोपऱ्यात पिठावर पणती लावलेली दिसली. मी पिशवी खाली ठेवली नाही, तशीच उभी राहिले.

"काल सकाळी गेली," तो म्हणाला. "मी शनिवारी आलो. अगं, मी लंडनहून पोचलो. तू कुठे होतीस?"

मी पिशवी आता खाली ठेवली.

काकूने मला आत नेलं. म्हणाली, "दाराची कडी वाजली की विचारायची, आली का गं? मग आपणच म्हणायची, येईल, जवळच तर आहे."

तेरावं झाल्यावर दादा विमानाने परत गेला. बाबांनी करंडा मला दिला. दोरा त्यात होता, कुंकवाने लाल झालेला.

उज्जैनचं जमलं नाही. सासूबाईंना मी दोष देत नाही. गुरुवारी यांनी मला विचारलं होतं, आणि सोमवार मीच म्हणाले होते.