इंजिनाला बांधलेला दादरा

सासऱ्यांच्या जुन्या मोटारीखाली मी वर्षानुवर्षं परात ठेवत आले. मुलाने पोर्चला पांढरी फरशी बसवली आणि जाहीर केलं, "आई, यावेळी तेल गळायचं थांबलं नाही तर गाडी विकायची."

भद्रकालीतल्या गॅरेजच्या मिस्त्रींनी गिअरबॉक्स उतरवून तेल अडवणारा इंजिनाचा मागचा ऑइल सील बदलला. दुसऱ्या दिवशी फरशीवर पुन्हा काळा डाग. "आजी, सील एकदम बरोबर बसलाय, तरी टपकतंय," मिस्त्री म्हणाले. "परत उतरवावं लागेल."

मुलगा गाडीसाठी पाहून ठेवलेल्या गिऱ्हाइकाला फोन लावू लागला.

मी चष्मा लावून बॉनेटमध्ये वाकले. इंजिनातली वाफ बाहेर पडायच्या नळीच्या तोंडाशी इंजिनाइतकंच काळं काहीतरी होतं. गाठ मात्र ओळखीची होती. लोणच्याच्या बरणीला कापडाचा दादरा बांधतात, तशी.

मिस्त्रींनी तो कापून काढला. आत कोंडलेली वाफच तेलाला सीलमधून बाहेर ढकलत होती म्हणे. "हे फडकं बांधलं कोणी?"

"सासऱ्यांच्या वेळी या घरात एक नवी सून आली होती. उघडं तोंड दिसलं की कापड बांधायची. धूळ जाते ना आत!"

"अक्कल माहेरी ठेवून आली होती काय?"

"हो. नंतरही आणायचं राहूनच गेलं."

"आता कुठे असते?"

"इथेच. फारशी सुधारली नाही."

आठवडाभर फरशी कोरडी राहिली. मुलाने गिऱ्हाइकाला नकार कळवला. परात घासूनपुसून मी स्वयंपाकघरात नेली. माझ्या सुनेने ती हुंगून पाहिली आणि पुन्हा पोर्चमध्ये आणून ठेवली.