गोठवलेला कप्पा

आमचे हे गावोगावच्या विहिरींचं पाणी मोजायचे आणि त्याचे आलेख संगणकातल्या नोटबुकात काढायचे. तिथं एकाखाली एक कप्पे असतात. कप्प्यात सूचना लिहायची, आणि तो चालवला की खाली आलेख उमटतो. हे गेल्यावर मी ते वाचायला बसले. खालच्या कप्प्यावर जायला हे जी बटणं दाबायचे तीच दाबली, आणि आलेख पुसला जाऊन तिथं तांबड्या अक्षरांत चूक उमटली. आलेख जिच्यावरून निघायचा ती मोजणीची फाइल यांच्या ऑफिसातच राहिली होती. गोंधळून पुन्हा दाबलं, तर पुढचाही गेला.

भाच्याला फोन केला.

“मावशी, तू कप्पे चालवलेस!”

“मी वाचत होते रे.”

“वाचायला बटण कशाला दाबायचं?”

नुसतं वाचायला गेलं तरी पुसून जाणाऱ्या वस्तू बनवतं तरी कोण? घरातही तेच. परवा जाऊबाईंनी यांचा चष्मा मायेनं साबणानं धुऊन ठेवला. काचेवरचे यांच्या बोटांचे ठसे गेले. रागवावं तरी कुणावर?

संध्याकाळी भाचा आला. उरलेल्या एकुलत्या आलेखाचा कप्पा त्यानं गोठवला. “आता दाब हवं तितकं. हा चालायचा नाही.”

मी चिडूनच दाबलं. पुन्हा दाबलं. वैशाखात खाली गेलेली पाण्याची रेघ, यांनी काढली होती तशीच, तिथं राहिली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच काहीतरी जागचं हललं नाही.