किडनी ट्रेमधल्या नऊ चिठ्ठ्या

ड्यूटी संपली की एक नर्स दुसरीला हँडओव्हर देते. कुठल्या खाटेवर कोण, कुणाला ताप, कुणाची सलाइन किती उरली, सगळं वहीत उतरवलं की ती मोकळी. किस्स्यांचा हँडओव्हर मात्र कुणी घेत नाही. ते आपल्याच खिशात राहतात आणि वर्षागणिक वाढत जातात. डहाणूच्या आमच्या तीस खाटांच्या हॉस्पिटलात मी ऐंशीच्या दशकात लागले आणि नव्वदचं दशक संपता संपता बाहेर पडले. तेव्हा युनिफॉर्म परत केला, खिसे तेवढे घरी आणले.

*

पहिला किस्सा माझ्याच फजितीचा. दुसऱ्याच्या फजितीपासून सुरुवात करणं बरं दिसत नाही.

मी रेल्वेतल्या बाबूची मुलगी, ट्रेनिंग मुंबईचं, मार्क चांगले, त्यामुळे नाक जरा वरच. पहिल्याच आठवड्यात तलासरीकडून जुलाबानं सुकलेलं एक मूल आलं. सलाइन लावायची होती. मी तीनदा सुई टोचली, तिन्ही वेळा शीर निसटली. आई माझ्याकडे बघत होती आणि मी आईकडे बघायचं टाळत होते.

मूल धरून लखमीमावशी उभी होती. मस्टरवर ती आया. तलासरीजवळच्या पाड्यातली, नवरा गेलेला, घरी सासू आणि दोन मुली, आणि सगळं घर हिच्या एकटीच्या नोकरीवर. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं. पण आमच्या मोठ्या सिस्टरनी, म्हणजे हॉस्पिटलच्या मेट्रननी, तिला दहा वर्षं हाताशी धरून शिकवलं होतं. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला ती फक्त आया दिसत होती.

"बाय, तुजा हात गार हाय," ती हळूच म्हणाली.

गार असणारच, घाबरले होते मी. तिनं मूल आईकडे दिलं, ड्यूटी रूममधून चहाचा गरम ग्लास आणला आणि माझ्या दोन्ही हातांत दिला. "पिऊ नको. नुसता धर."

तोवर तिनं मुलाचा हात कोमट फडक्यात गुंडाळला. मग म्हणाली, "आता टोच."

शीर पहिल्या झटक्यात मिळाली. शिरा कुठे असतात ते मला मुंबईनं शिकवलं होतं. आधी आपले हात गरम करावे लागतात, हे मावशीनं शिकवलं. पुढे कित्येक वर्षं मी नव्या मुलींच्या हातात चहाचा ग्लास देत आले, आणि प्रत्येक वेळी मनातल्या मनात मावशीला नमस्कार केला.

*

घोलवडचे एक बागाईतदार शेठ पायाला मोठी जखम घेऊन दाखल झाले. चिकूच्या वाडीत शिडीवरून पडले होते. आल्या आल्या त्यांनी मोठ्या सिस्टरना बजावलं, "मारे आया नथी जोइती. ड्रेसिंग डिग्रीवालीनंच करायचं."

डिग्रीवाली म्हणजे मी. मी पुस्तकात होतं तसं ड्रेसिंग केलं, एकही पायरी चुकवली नाही. शेठ पूर्ण वेळ देवाचं नाव घेत होते.

दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. मावशीनं चिकटलेली पट्टी आधी भिजवली आणि ती सुटेपर्यंत शेठना विचारत बसली, की यंदा चिकूच्या पेट्या ट्रकनं जातात का रेल्वेनं, आणि त्यात भाव कुणाचा मरतो. शेठ बोलता बोलता तापले, रेल्वेवाल्यांना चार शब्द सुनावले, आणि खाली बघतात तर नवी पट्टी बांधून झालेली.

डिस्चार्जच्या दिवशी वाडीतून चिकूंची मोठी पेटी आली. शेठ मोठ्या सिस्टरना म्हणाले, "ही तुमच्या डिग्रीवाल्या बेनला द्या. आणि ती दुसरी मुंबईची आया आहे ना, तिला जरा शिकवा."

चिकू फार गोड होते. मी सहा खाल्ले.

*

नव्वद साल उलटल्यावर हॉस्पिटलच्या कमिटीचं एक पत्र आलं. नर्स म्हणून नोंदणी नसलेल्या कर्मचाऱ्यांनी पेशंटला हात लावू नये, असं कमिटीचं मत आहे. परिचारिकांच्या कौशल्याचा अभ्यास करायला मुंबईहून एक बाई येणार आहेत, त्यांचा रिपोर्ट आला की अशा कर्मचाऱ्यांबाबत निर्णय होईल.

'अशा कर्मचाऱ्यां'मध्ये आमच्याकडे एकच माणूस होतं. मोठ्या सिस्टरनी पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि चष्मा पुसत बसल्या. मावशीला त्यांनी स्वतः वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मंग माज्या पोरींचा काय?" आणि बेडपॅन धुवायला निघून गेली.

तीन दिवसांनी शुभदा मॅडम आल्या. पंचविशीच्या, हातात क्लिपबोर्ड, गळ्यात स्टॉपवॉच. त्यांनी आम्हाला गोळा करून नियम सांगितला. रिपोर्टात कुणाचं नाव येणार नाही, फक्त नंबर. नंबर ज्याचा त्याला आणि मॅडमना तेवढा माहीत, तिसऱ्याला सांगायचा नाही. त्यांनी ड्रेसिंगच्या किडनी ट्रेमध्ये चिठ्ठ्या टाकल्या. आम्ही आठजणी, चिठ्ठ्या आठ.

मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "एक कमी आहे."

"यादीत आठच नर्सेस आहेत, सिस्टर."

"तुम्ही यादीचा अभ्यास करायला आलात का कामाचा?"

मॅडमनी मावशीचं काम बघत वॉर्डात एक फेरी मारली. परत येऊन नववी चिठ्ठी लिहिली आणि ट्रेमध्ये टाकली. त्या क्षणी ही मुलगी मला आवडली. मावशीनं चिठ्ठी उचलली, उघडून पाहिली, आकडे तिला कळत होते, आणि पदराच्या टोकाला बांधून टाकली. माझा नंबर चार. आता सांगायला हरकत नाही.

*

मॅडम क्लिपबोर्ड घेऊन उभ्या राहिल्या की आम्ही हात धुवायचो. पेशंटला शिवण्याआधी, शिवल्यावर, आणि मॅडमनी मान वळवली तरी. चौथ्या दिवशी महिन्याचा साबण संपला. स्टोअरच्या खिडकीशी भांडण झालं. मोठ्या सिस्टर मॅडमना म्हणाल्या, "तुम्ही मधूनमधून डोळे मिटत जा, म्हणजे आमचं काम नेहमीसारखं चालेल."

मॅडम खरोखरच दोन दिवस बाकावर मासिक तोंडापुढे धरून बसल्या. मासिक उलटं होतं हे वरोरच्या एका कोळीणबाईनं त्यांच्या ध्यानात आणून दिलं.

*

सलाइनचे थेंब मिनिटाला किती पडायचे ते डॉक्टर लिहून देतात. आम्ही घड्याळावर मोजायचो. मावशीकडे घड्याळ नव्हतं. ती थेंबांकडे बघत गुणगुणायची. लहान मुलाला भातलावणीचं गाणं, मोठ्या माणसाला लग्नातलं. गाण्याच्या ठेक्यावर थेंब पडेपर्यंत ती नळीवरची चाकी फिरवायची आणि मग दुसऱ्या खाटेकडे वळायची.

मॅडमच्या तक्त्यात रकाना होता, 'घड्याळाचा वापर करते: होय / नाही.' त्यांनी 'नाही'वर खूण केली. मग स्टॉपवॉच काढून थेंब मोजले. पुन्हा मोजले. स्टॉपवॉच कानाला लावून चालू आहे का बघितलं. मला हळूच म्हणाल्या, "सिस्टर, बरोब्बर आहे हो."

"मावशी, पुन्हा एकदा म्हणाल का?" त्यांनी विचारलं. मावशीनं लग्नाचं गाणं धरलं. समोरच्या खाटेवरच्या बाईला ते येत होतं, तिनं आवाज मिळवला. मग तिच्या जावेनं, मग दाराशी बसलेल्या दोघींनी. गाणं रंगलं, ठेका चढला, एकीनं टाळ्या धरल्या.

मावशीनं हात वर केला. "हळू, बायांनो. याचा लगीन नाय, याला जुलाब झालेत."

*

तलासरीकडची एक म्हातारी आली ती सोबत भगताला घेऊनच. त्याला विचारल्याशिवाय ती गोळीसुद्धा घेईना. आमच्यातली एक म्हणाली, आधी याला बाहेर काढा. मावशीनं त्याला स्टूल दिलं.

"बाबा, तुजा मंतर तू म्हण, माजी बाटली मी लावते. पन बाटलीवर ध्यान तू ठेव. बोटभर पानी रायला का मना हाक मार."

भगत दुपारभर जागचा हलला नाही. बाटलीवर रोखलेली नजर त्यानं पाणी प्यायलाही काढली नाही. बरोबर बोटभर उरल्यावर अशी हाक मारली की ओपीडीतले डॉक्टर पळत आले. म्हातारी बरी झाली. श्रेय दोघांनी वाटून घेतलं आणि त्यावरून वाद झाला नाही. डॉक्टरांमध्येसुद्धा इतकं सामोपचारानं होत नाही.

मॅडमच्या तक्त्यात 'नातेवाइकांना काळजी घेण्यात सहभागी करून घेते' असा रकाना होता. मॅडम तो भरत असताना भगत त्यांच्या मागे येऊन उभा राहिला. सगळ्यांना नंबर मिळालेत हे त्याच्या कानावर गेलं होतं.

"बाई," तो म्हणाला, "माजा नंबर किती?"

*

मग लेखी परीक्षा झाली. जेवणाच्या टेबलावर आम्ही नऊजणी. मी लिहीत होते आणि माझ्या उजव्या खांद्याला कुणाचा तरी श्वास लागत होता. वळून पाहिलं तर मोठ्या सिस्टर, तीस वर्षांची नोकरी झालेल्या.

"सिस्टर, कॉपी?"

"संशोधनात कॉपी नसते. सहकार्य असतं. पाचव्याचं काय लिहिलंस?"

मावशीला लिहिता येत नव्हतं म्हणून मॅडम तिला प्रश्न वाचून दाखवत होत्या आणि उत्तर उतरवून घेत होत्या. प्रश्न आला, पेशंटची तब्येत एकदम ढासळते आहे हे कशावरून ओळखाल? मी त्याखाली पुस्तकातले सात मुद्दे लिहिले होते, क्रमानं.

"ओठ सुकलेला मानूस पानी मागतो," मावशी म्हणाली. "मागता मागता गप झाला, का मी धावते."

मॅडमचं पेन थांबलं. मोठ्या सिस्टरनी माझ्या कागदावरची नजर काढून घेतली आणि स्वतःच्या कागदाकडे बघत राहिल्या. त्या वाक्यानं किती माणसं घरी परत गेली असतील, मला मोजता येत नाही. त्यातला एक माझा भाऊ होता. टायफॉइडमध्ये आठवडाभर तो त्याच वॉर्डात होता, आणि एका दुपारी मावशी अशीच धावली होती.

परीक्षेनंतर मावशीनं मला विचारलं, "बाय, मी पास होईन का?"

मी म्हटलं, "होशील की." पण कमिटीचं पत्र माझ्याही डोळ्यांपुढे होतं. पास-नापासाचा त्यात उल्लेखच नव्हता, नोंदणीचा होता.

*

दोन महिन्यांनी शुभदा मॅडम रिपोर्ट घेऊन आल्या. कमिटीची मीटिंग ओपीडीतच भरली, तिथेच पुरेशा खुर्च्या होत्या. आम्ही सगळ्या भिंतीला टेकून उभ्या. मावशी चहाचा ट्रे घेऊन फिरत होती. मीटिंग असली की चहा आयानं द्यायचा, ही जुनी पद्धत.

मॅडमनी तक्ता वाचला. निरीक्षणात सर्वांत जास्त गुण नंबर सातला. रुग्णांच्या मुलाखतींतही सगळ्यांत वर नंबर सात. आम्ही एकमेकींकडे बघू लागलो. मी मोठ्या सिस्टरकडे बघितलं तर त्या माझ्याकडे बघत होत्या.

चेअरमन खूश झाले. चांगला माणूस होता, हॉस्पिटलसाठी पदरचं घातलेला. त्यांनी तिथल्या तिथे सेक्रेटरींना ठराव सांगितले. "लिहा. ठराव पहिला, नोंदणी नसलेल्या कर्मचाऱ्यांना महिनाअखेर कामावरून कमी करण्यात यावं. ठराव दुसरा, नव्या मुलींना शिकवण्याची जबाबदारी नंबर सातच्या सिस्टरांकडे देण्यात यावी. त्यांचं नाव काय, मॅडम?"

"नाव मला सांगता येत नाही, सर. तसा नियम आहे."

"अहो, नावाशिवाय ठराव कसा लिहायचा?"

"त्यांनी स्वतः सांगितलं तरच." मॅडम कागदावरून नजर उचलत नव्हत्या. त्यांचे कान लाल झाले होते.

चेअरमननी आमच्या रांगेवरून नजर फिरवली. "बोला, कोण आहे सात नंबर? लाजायचं काय त्यात?"

कुणी पुढे झालं नाही. मावशीनं शेवटचा कप चेअरमनपुढे ठेवला, ट्रे काखेत धरला आणि पदराची गाठ सोडायला लागली. गाठ घट्ट होती, दातानं सोडावी लागली. घड्या पडून मऊ झालेली चिठ्ठी तिनं त्यांच्या बशीशेजारी ठेवली.

"साहेब," ती म्हणाली, "मना आदी काढाल, का आदी शिकवाया लावाल?"