हनुवटीवरचे तीन ठिपके

हरसूलच्या हिरामणनं एकतीस वर्षं नाशकातल्या एकाच प्रकाशकाच्या गोष्टींच्या पुस्तकांत चित्रं काढली. जिल्ह्यातली निम्मी पोरं त्याच्या चित्रांवर वाढली असतील, पण रस्त्यात त्याला कुणी ओळखणार नाही. त्याची तक्रारही नव्हती. पहिल्या पानावर बारीक अक्षरांत ‘चित्रे : हिरामण’ एवढं छापून आलं की गडी खूश.

ती ओळ त्याला थोरल्या मालकांनी, रंगनाथरावांनी दिली होती. माणूस हौशी, शब्दाच्या मुळाशी गेल्याशिवाय चैन पडायचं नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी हिरामणला समोर बसवून सांगितलं, की इलस्ट्रेशन हा शब्द मुळात लॅटिन, अर्थ उजेड पाडणं. चित्र हा अर्थ त्याला फार उशिरा, दोनेकशे वर्षांपूर्वी चिकटला. हिरामण म्हणाला, मग ते काम आमची आई करायची, मी चित्र काढताना रॉकेलची चिमणी धरून बसायची. रंगनाथराव हसले नाहीत. तेव्हापासून हिरामणच्या प्रत्येक पुस्तकातली म्हातारी म्हणजे त्याची आई, तानुबाई. हनुवटीवर तिच्या गोंदणाचे तेच तीन ठिपके.

तानुबाई गेली तेव्हा अंगावर फुटका मणी नव्हता. गोंदण होतं. ती म्हणायचीच, "दागिनं हितंच ऱ्हात्यात. गोंदण तेवढं संगं येतं."

रंगनाथरावांच्या मागे कारभार त्यांच्या मुलाकडे, शेखरकडे आला. यंदा त्यानं हिरामणला बोलावलं, तर कॉम्प्युटरवर अख्खं पुस्तक तयार! हिरामणची सगळी जुनी चित्रं मशीनला दाखवली, म्हणे, आणि मशीननं त्याच्याच हातची वाटावीत अशी चाळीस चित्रं एका दुपारीत काढली. घोळ फक्त बोटांचा होता. कुणाला सहा, कुणाला चार.

"काका, तेवढी बोटं नीट करून द्या," शेखर म्हणाला. म्हणजे बघा, ज्याच्या पुढचं ताट ओढायचं त्यालाच उष्टी काढायला बसवायचं!

पहिल्या पानावर चित्रकार म्हणून प्रकाशनाचंच नाव होतं. हिरामणनं विचारलं, तर शेखर म्हणाला, नुसत्या बोटांसाठी नाव कसं टाकणार?

हिरामण पुढची पानं बघू लागला. बघता बघता त्याचं डोकं भणाणलं. आजीच्या हनुवटीवर तीन ठिपके. भाजीवालीच्या, मास्तरीणबाईंच्या, अगदी गणवेशातल्या पोरीच्याही. मशीनला काय माहीत ते कुणाचं गोंदण! आईनं सोबत नेलेली एकच वस्तू, तीही या लोकांनी ओरबाडून आणली होती.

तो दिवसभर काम करत बसला. संध्याकाळी शेखरनं पाहिलं, तर बोटं होती तशीच.

"काका, मग दिवसभर केलंत काय?"

"आमचं होतं तेवढं काढून घेतलं," हिरामण म्हणाला आणि पिशवी उचलून निघाला. एकाही हनुवटीवर ठिपका उरला नव्हता.

पुस्तक महिन्याभरात बाजारात आलं. बोटं दुसऱ्याच कुणाकडून नीट करून घेतली होती. ठिपके गेल्याचं कुणाच्या लक्षातही आलं नाही.