छताला लावलेले हात

शहागंजात लोहाराच्या भट्टीतल्या दगडी कोळशाचा वास आला, की मला चंद्रपूरकडची ती बंद पडलेली खाण आठवते. तिचं संग्रहालय झालं होतं आणि मी हट्टानं दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तिथं नेलं होतं. कन्नडची शेती सोडून तरुणपणी त्यांनी त्याच खाणीत काम केलं होतं, पण घरी त्याबद्दल ते अवाक्षर काढत नसत. मोबाइल वरच जमा करून आम्ही खाली उतरलो. भिंती पाझरत होत्या, गारठा वाढत होता. एका बुटक्या बोगद्यात गाइड म्हणाला, "आता खरा अंधार बघा," आणि त्यानं दिवे घालवले. लोक ओरडले, मग हसले. थोड्या वेळानं बटणाचा खटका ऐकू आला, पुन्हा आला, पण दिवे लागेनात. हसणं थांबलं. वर कुठंतरी काहीतरी खरखरलं. "खाली बस," दादा कानाशी म्हणाले, "अन् हालू नको." "तुम्ही पण बसा ना." "बोलू नको, आयकू दे मला." मी बसले. डोक्यावर त्यांचा श्वास तेवढा ऐकू येत होता. दिवे लागले तेव्हा ते माझ्यावर वाकून उभे होते, दोन्ही तळवे छताला लावून, मानेच्या शिरा ताणून. "काका, पक्कं सिमेंट आहे ते, पडत नाही," गाइड हसत म्हणाला. दादांनी हात काढले नाहीत. "आधी लेकराला बाहेर न्या," ते म्हणाले. मी तेव्हा दोन मुलांची आई होते. आता दादा नाहीत. घरातली लाइट गेली, की मी चाचपडत मुलांपाशी जाते, आणि वर पक्का स्लॅब आहे हे ठाऊक असूनही माझा एक हात वर जातोच.