सहा तोंडांचे दोन साक्षीदार

ती घटना आठवली की आजही मी एकटाच हसत बसतो आणि बायको आतून विचारते, "पुन्हा बॅटरीच का?" बॅटरीच. खून पाहिले, दरोडे पाहिले, पण मला खुर्चीवरून खाली उतरवलं ते बॅटरीने. नावं सांगणार नाही. त्यातली माणसं अजून आहेत, आणि एक तर मीच आहे.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. मी हिंगोली भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीत रस्त्याचं काम चालू होतं आणि ठेकेदाराचा बुलडोझर रोज संध्याकाळी आमच्याच एका चौकीच्या भिंतीला लागून उभा राहायचा. पोलिसांच्या डोळ्यांसमोर, म्हणजे सर्वांत सुरक्षित.

एके दिवशी कामावरचा सुपरवायझर लेखी तक्रार घेऊन आला. मशीनला नुकत्याच दोन नव्या बॅटऱ्या टाकल्या होत्या. तरी चार दिवस मशीन सुरू होईना. एक बॅटरी पार मेलेली. तिचं लेबलही ॲसिडने खाल्लेलं. म्हणजे ऑपरेटरने नवी विकली आणि तिथे जुनी बसवली, असा त्याचा आरोप. आमच्या खबऱ्यानेही दुजोरा दिला: हा माणूस डोंगरकडा गावच्या बाजारात जड पोतं घेऊन जाताना दिसला होता.

ऑपरेटरला बोलावलं. चाळिशीचा गडी, तांड्यावरचा. पँटवर ॲसिडची बारीक भोकं. त्याच्या आज्याने बैलांच्या पाठीवर ओझी वाहिली. एवढ्या मोठ्या मशीनवर बसणारा तांड्यातला हा पहिलाच.

"पोत्यात काय होतं?"

"पानी."

"पाणी? पोत्यात?"

"डबा होता साहेब. बॅटरीचं पानी. दोघींतली एक लई पिऊन राहिली. दुसरी थेंब घेत न्हाई."

"आणि मेली कोणती?"

"न पिनारी." मग तो हळूच म्हणाला, "साहेब, चोरीत नाव आलं त पुन्हा कोनी चावी देनार न्हाई मले."

खोटं बोलणारा माणूस गोष्ट पटेल अशी रचतो. ही तर मुळीच पटण्यासारखी नव्हती. म्हणून मी गुन्हा नोंदवताना हात आखडता घेतला, त्याला ठाण्यातच बसवलं आणि वारंगा फाट्यावर बॅटऱ्यांचं दुकान चालवणाऱ्या एका चाचांना जीपमध्ये घालून चौकीवर नेलं.

चाचांनी पिशवीतून हायड्रोमीटर काढला. रबरी फुगा लावलेली काचेची नळी. ॲसिड आत ओढायचं आणि आतला काटा किती वर तरंगतो ते पाहायचं; आकडा जितका मोठा, तितकी बॅटरी भरलेली. त्यांनी बॅटरीची सहाही बुचं उघडली.

"साब, एक बॅटरी को छे मुंह रहते. सबसे पूछने का. एक झूठ बोल सकता, छे मिल के नहीं बोलते."

अशी चौकशी मी उभ्या नोकरीत केली नव्हती. पहिल्या बॅटरीची सहाही तोंडं बाराशे पन्नासच्या वर बोलली. दुसरीची सहाही अकराशे पन्नास, ना कमी ना जास्त.

"जुनी आहे ना?" मी विचारलं.

"नहीं साब. बुढ़ापा एक-एक घर में आता. भूख सब घर में बराबर आती. ये बुड्ढी नहीं, भूकी है. दोनों को इंजिन से खाना बराबर मिलता. इसका कोई उड़ा रहा, और वो दूसरी पेट भरने के बाद भी खाती, इसलिए उसका पानी उबलता, और छींटे इसके लेबल पे गिरते."

म्हणजे पोत्यातलं पाणी खरं होतं.

चाचा खाली वाकले. बॅटरीच्या मागून चिमट्याने लावलेली एक बारीक वायर मातीतून भिंतीकडे गेली होती. त्यांनी चिमटा काढला. चटकन ठिणगी उडाली, आणि त्याच क्षणी चौकीच्या आतून आवाज आला, "अरे, गेला का रे? दोन ओव्हर बाकी हायेत."

आत टीव्ही होता; इंजिन फिरवायला मेलेली बॅटरी त्याच्यापुरती अजून जिवंत होती. साहेब आले म्हणून जमादारांनी आवाज बंद केला होता, चित्र नाही. रोज सकाळी वायर निघायची, संध्याकाळी लागायची. मशीन बंद पडल्यापासून ती काढायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

"साहेब, गावात समदेच ट्रॅक्टरच्या बॅटरीवर पाहतात," जमादार टोपी शोधत म्हणाले. "टीव्ही बारा व्होल्टचा, दोघी मिळून चोवीस, म्हून एकीवरच लावला. एवढ्या मोठ्या बॅटरीला काय फरक पडतो, वाटलं."

मी रागावणार होतो. पण परवा संध्याकाळी, लाइट गेलेली असताना, त्याच टीव्हीसमोर चहा पीत "वा जमादार, चांगली सोय केली" असं म्हणणारा कोण होता? चाचांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ते नळी पुसू लागले. हसू मात्र त्यांना पुसता आलं नाही.

ठाणे दैनंदिनीत मी सगळं लिहिलं: तक्रारीत तथ्य नाही, वीज चौकीत वापरली गेली, प्रेक्षकांत प्रभारी अधिकारी हजर. मेलेली बॅटरी जमादारांनी स्वतः उचलून चाचांकडे चार्जिंगला नेली. दुसऱ्या दिवशी मशीन धडधडत सुरू झालं. सुपरवायझरने सगळ्यांसमोर ऑपरेटरच्या हातात चावी दिली, आणि त्याने ती आधी कपाळाला लावली.

त्या प्रकरणाने मला एक शिकवलं. चोर शोधायला निघालेल्या पोलिसाने आधी आपल्या घरातून बाहेर जाणारी वायर पाहावी. आणि एका तोंडाच्या माणसाला दोषी ठरवण्याआधी सहा तोंडांच्या वस्तूला विचारून घ्यावं. पुढे कितीतरी वेळा यामुळे माझी फजिती टळली.

मशीन नंतरही चौकीलाच उभं राहायचं. फक्त ऑपरेटर रोज संध्याकाळी बॅटरीच्या पेटीचं झाकण नटबोल्टने आवळायचा आणि पाना खिशात टाकायचा. एकदा मी विचारलं, "का रे, पोलिसांवर विश्वास नाही?"

"हाय की साहेब," तो म्हणाला. "पूरा हाय. पन पाना मह्यापाशीच राहू द्या."